पलीकडचा चहा

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, की सदरकर्त्याच्या घराशेजारी बरा चहा मिळत असला तरी तो प्यायला उमरग्यातल्या महामार्गाच्या पलीकडेच जातो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. गेल्या मंगळवारी मात्र तो दहा मिनिटं दुभाजकावर अडकला. पुढ्यात हैदराबादकडचे ट्रक, पाठीशी सोलापूरकडचे. शेजारी डोक्यावर ज्वारीचं दळण घेतलेल्या एक मावशी. "गिरणी ऐकू येती बघा," त्या म्हणाल्या, "जाताच येईना."

हा रस्ता पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करत थेट मच्छलीपट्टणला समुद्र गाठतो. जुना नंबर 9, आताचा 65. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के, पण 2022 साली रस्त्यांवर मेलेल्या 1,68,491 माणसांपैकी 36 टक्के याच रस्त्यांवर गेली. त्याच वर्षी सगळ्या रस्त्यांवर मिळून 32,825 पायी चालणारे मेले.

महामार्ग गावातून नव्याने बांधायचा ठरला, की आधी पदर मोजतात. दोन, चार, सहा. मग दुभाजक, मग दिवे, मग आभाराचे फलक. चालणाऱ्याच्या वाट्याला गटारावरचं झाकण येतं, तेही बसवलं तर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा आणि त्याची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. सदरकर्त्याच्या गुडघ्यांनी अनेक गावांच्या कडा मोजल्या आहेत. त्या बहुधा बैल चढावा म्हणून बांधल्या असाव्यात.

खरं तर नकाशा काढायला कन्सल्टंट लागत नाही. दुभाजकाची जाळी लोकांनी जिथे वाकवलेली असते, तिथेच ओलांडायची सोय हवी होती. पण ती जाळी दरवेळी सरळ करून पुन्हा वेल्डिंग मारतात.

बांधलेला महामार्ग हटवताही येतो. सॅन फ्रान्सिस्कोत बंदराच्या धक्क्यालगत दुमजली महामार्ग होता. 1989 च्या भूकंपात तो तडकला आणि शहराने तो दुरुस्त न करता 1991 पासून पाडायला घेतला. आता तिथे झाडं आहेत, ट्राम आहे, चालणारी माणसं आहेत. भूकंपाने त्या शहराला फेरविचाराची संधी दिली.

भूकंप म्हटल्यावर उमरग्याच्या माणसाचं बोट 30 सप्टेंबर 1993 वरच जातं. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. ज्याच्या नावाने तो भूकंप ओळखतात ते किल्लारी शेजारच्या जिल्ह्यातलं, पण त्यात हादरलेलं सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. अरुंद गल्ल्यांत दगडमातीच्या भिंती अंगावर कोसळल्या होत्या, त्यामुळे नव्या गावांत रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले, घरं सुटी सुटी. भीती खरी होती, आखणारे काही वेडे नव्हते. तरी सदरकर्त्याची आत्या पुनर्वसनातल्या पक्क्या घरात राहायला गेली आणि तिची पहिली तक्रार निघाली ती घराबद्दल नव्हे. "हाक मारली तर शेजारणीला जात न्हाई," ती म्हणायची. जुन्या गावात ती उंबऱ्यावर बसूनच विरजण मागत असे. नव्या गावात विरजणासाठी चप्पल घालावी लागे. कुठल्या आराखड्यात विरजणाचा रकाना असतो? आत्या शेवटपर्यंत जुन्या गावाच्या ढिगाऱ्याकडे "घरी जाऊन येते" म्हणूनच जायची.

तर, दुभाजक. मंगळवारी अखेर एका कर्नाटक पासिंगच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, हात बाहेर काढून मागच्यांना थोपवलं आणि मावशींना जाऊ दिलं. सदरकर्ताही त्यांच्या पदराआडून सटकला. टपरीवर पोचला तेव्हा दूध संपलं होतं.

पुढच्या वेळी उमरग्यात टेप घेऊन रस्ता मोजायला जे कुणी येतील, त्यांनी कृपा करून सकाळी शाळा भरताना यावं, आणि येताना डोक्यावर दळण घेऊन यावं.