सरकारची उधारी, आपलं रिचार्ज

गाझियाबादची महापालिका कर्जबाजारी आहे आणि त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं. मार्च २०२१मध्ये तिने दीडशे कोटींचे हरित रोखे काढले, ८.१ टक्के व्याजाने. एप्रिलमध्ये ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले गेले. पैसा हवा होता इंदिरापुरमच्या प्रकल्पासाठी. एकदा शुद्ध केलेलं सांडपाणी तिथे पुन्हा बारीक गाळायचं, रोज चार कोटी लिटरपर्यंत, आणि साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचं, म्हणजे त्यांनी जमिनीखालचं गोडं पाणी उपसू नये. उन्हाळ्यात आमच्या भागातल्या नाल्यावरून ज्याने एकदा रिक्षा नेली आहे, त्याला या प्रकल्पाची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

माझं कौतुक मात्र प्रकल्पापेक्षा पद्धतीचं आहे. महापालिकेला मनात आलं म्हणून कर्ज काढता येत नाही. स्थानिक संस्थांच्या कर्जाचा १९१४चा कायदा अजून लागू आहे आणि वर सेबीचे २०१५चे नियम आहेत. पतमानांकन हवं, लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत, मागच्या वर्षभरात कुठलं कर्ज थकवलेलं चालत नाही. शिवाय एस्क्रो खातं. पालिकेचं ठरलेलं उत्पन्न आधी त्या खात्यात जातं, हप्त्याची रक्कम बाजूला निघते, मग उरलेलं पालिकेच्या हाती येतं. पुण्याने जून २०१७मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले, तेही याच वाटेने. कर्ज किती, कशासाठी, कुठल्या दराने, सगळं उघड. ज्याला वाचायचं आहे त्याने वाचावं.

दिल्लीच्या हद्दीत शिरलं की दुसऱ्या तऱ्हेची उधारी भेटते. तिथे ऑगस्ट २०१९पासून महिना दोनशे युनिटपर्यंत बिल शून्य. बरीच वर्षं विजेचे मूळ दरही फारसे हलले नाहीत. लोक खूश, सरकार खूश. पण वीज विकत घेण्याचा खर्च काही थांबला नव्हता. वीज नियामक आयोगाने मान्य केलेला पण दरातून वसूल न झालेला खर्च वर्षानुवर्षं पुढे ढकलला गेला आणि त्यावर व्याज चढत राहिलं. ही रक्कम ३१ मार्च २०२४ रोजी दिल्लीच्या तीन वीज कंपन्यांची मिळून २७,२०० कोटी रुपये झाली होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या अशा थकबाक्या मुदत ठरवून संपवा असा आदेश दिला. संपवायच्या म्हणजे कोणाकडून तरी घ्यायच्या. कंपनीच्या वहीत जे येणं आहे, ते शेवटी ग्राहकाच्या किंवा करदात्याच्या वहीत देणं आहे. गाझियाबादच्या दीडशे कोटींचं माहितीपत्रक निघालं. दिल्लीकरांच्या नावावरच्या या हजारो कोटींसाठी कोणी त्यांची सही घेतली नाही.

तर महापालिकेला उधारी मिळते, राज्याला मिळते, वीज कंपनीला मिळते. आता ज्याला मिळत नाही त्याच्याकडे येऊ.

एनसीआरमधल्या, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतल्या, बऱ्याच टॉवरांमध्ये विजेचं कनेक्शन घरटी नसतं. संपूर्ण सोसायटीला एकच, आणि आत बिल्डर किंवा एओए, म्हणजे फ्लॅटमालकांची संघटना, वीज वाटते. प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारच्या कपाटात प्रीपेड मीटरांची रांग. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये एक शिल्लक दिसते आणि त्या एकाच शिलकीतून तीन गोष्टी कापल्या जातात: ग्रिडची वीज, त्याहून कितीतरी महाग डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, वीज आणि रोजच्या रोज मेंटेनन्स. आमच्या वरच्या मजल्यावरचं नाशिकचं कुटुंब गणपतीला गावी गेलं. घरात फ्रिज सोडून सगळं बंद. मेंटेनन्स मात्र रात्री बारा वाजले की निघत होता. शिल्लक संपली, मीटरने वीज तोडली. माणसं परत आली तेव्हा फ्रीजरमधल्या मटारच्या आणि नारळाच्या चवाच्या पिशव्यांचं पाणी स्वयंपाकघरभर झालं होतं. कार्यालयातल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "रिचार्ज कर दीजिए, आ जाएगी."

त्या मुलाचा दोष नाही. दोष आहे एका अंधाऱ्या फटीचा. २००३च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं की बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. बिलावरच वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा, वीज तोडता येत नाही. चांगला कायदा आहे. पण ग्राहकांच्या हक्कांचे जे नियम केंद्राने २०२० साली केले, त्यांत प्रीपेड मीटरने शिल्लक संपल्यावर केलेला अंधार वीज तोडण्यात मोडत नाही. पैसे भरले की वीज सुरू, एवढंच. म्हणजे नोटिशीचे ते पंधरा दिवस प्रीपेडवाल्याला लागू नाहीत. हक्कांच्या नियमांनीच हक्क काढून घेतला. महाराष्ट्रात जून २०२४मध्ये लोक ओरडले तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर करावं लागलं. आमच्याकडच्या सोसायट्यांत हे प्रकरण स्मार्ट मीटरच्या कितीतरी आधीपासून मुरलेलं आहे.

ग्राहकांच्या हक्कांच्या याच नियमांत फेब्रुवारी २०२४मध्ये दुरुस्ती झाली आणि तीत दोन चांगल्या गोष्टी आहेत. पहिली छतावरच्या सौर पॅनलची. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज पूर्ण भरलेला असेल तर तांत्रिक पाहणीशिवाय तो मंजूर झाला असंच धरायचं. त्याहून मोठ्या अर्जाची पाहणी पंधरा दिवसांत झाली नाही, तरी तो मंजूर. सरकारी कार्यालयाचं मौन सहसा नागरिकाच्या मुळावर येतं, इथे ते त्याच्या बाजूने मोजलं आहे. अर्थात छत हवं. दिल्लीच्या बिल्डर फ्लोअरमध्ये छताचा हक्क वेगळा विकलेला असतो. टॉवरमध्ये दोनशे घरं आणि वर टाक्या, लिफ्टची खोली सोडून उरेल तेवढी गच्ची. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, मग हिशेब काय जमणार? तिथे सौर वीज लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरती. पण तेही थोडं नाही. पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये अनुदान मिळतं. मेंटेनन्सचा मोठा वाटा ज्या विजेवर जातो, ती यातून कमी होऊ शकते.

दुसरी गोष्ट अधिक कामाची आणि तिचा कोणी उच्चार करत नाही. सोसायटीतल्या घराची ग्रिडची वीज, घराची जनरेटरची वीज आणि सामाईक वापराची वीज यांचं मोजमाप, बिल आणि वसुली वेगवेगळी करायची, असं ही दुरुस्ती सांगते. विजेच्याच तीन खात्यांची सरमिसळ जिथे चालत नाही, तिथे झाडलोट आणि पहारेकऱ्यांचा खर्च त्याच शिलकीतून कापणं कुठल्या न्यायाने बसतं? मेंटेनन्स थकला तर वसुलीचे दुसरे रस्ते आहेत. पंखा बंद करणं हा त्यातला नव्हे. शिवाय एकच कनेक्शन हवं की घरटी, हे मालकांनी बहुमताने ठरवावं, अशी सोयही तिथे आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. रोखे घेणाऱ्या गुंतवणूकदाराचा हप्ता सुरक्षित राहावा म्हणून आपण एस्क्रोची भिंत बांधली. वीज कंपनीला येणं वसूल करायला वर्षं दिली. ज्याची शिल्लक रात्री बारा वाजता संपते त्या ग्राहकालाही मुदत द्यायला काय हरकत आहे? प्रीपेड मीटरलाही पंधरा दिवसांची नोटीस लागू व्हायला हवी, आणि ते करायला केंद्राने नियमातलं एक वाक्य बदललं तरी पुरेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवर भांडण्याआधी वेगळ्या बिलांची मागणी लेखी द्या, तारीख घाला आणि पोच घ्यायला विसरू नका.