केसगळतीसाठी हॉर्मोनच्या किती तपासण्या करायच्या?

मागच्या महिन्यात विहारात आरोग्य शिबिर घेतले, तेव्हा वस्तीतला एक तरुण जाडजूड फाइल घेऊन आमच्यापाशी आला. वय अठ्ठावीस, काम मोटारसायकलवरून पार्सल पोचवण्याचे. कपाळावरचे केस मागे सरकू लागले म्हणून तो वर्षभर फिनास्टेराइडची गोळी घेत होता. फाइलमध्ये चार रिपोर्ट होते. दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन, डीएचटी, प्रोलॅक्टिन, सगळे काही तपासलेले. खर्च विचारला, तर महिन्याची निम्मी कमाई त्यात गेली होती. त्याचा प्रश्न एवढाच होता : "ताई, रिपोर्टमध्ये डीएचटी कमी झालंय, मग केस का वाढत नाहीत?"

रांगेत त्याच्या मागे त्याची आई उभी होती. केस तिचेही मूठमूठ गळत होते. जिना चढताना धाप लागत होती. तिचे रक्त शेवटच्या बाळंतपणानंतर कोणी तपासलेच नव्हते. आम्ही तपासले, हिमोग्लोबिन आठ निघाले.

एकाच घरात मुलाचे रक्त वर्षात चारदा तपासले गेले आणि आईचे एकदाही नाही. हे चित्र आम्ही अनेक घरांत पाहतो, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी त्या तरुणाचा प्रश्न घेऊ. पुरुषांचे टक्कल बहुधा आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी हे हॉर्मोन तयार होते. ज्यांच्या केसांच्या मुळांना ते जास्त बाधते, त्यांचे केस हळूहळू बारीक होत जातात. अशा बहुतेक पुरुषांच्या रक्तात हॉर्मोनचे प्रमाण इतरांसारखेच असते. म्हणजे टक्कल पडायला लागले म्हणून रक्तात काही बिघाड सापडेलच असे नाही.

फिनास्टेराइड या औषधाला केसगळतीसाठी अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. ते रक्तातले डीएचटी साधारण ६० ते ७० टक्क्यांनी कमी करते. नियमित गोळी घेणाऱ्या बहुतेक सर्वांचे ते कमी होते. केस मात्र कोणाचे वाढतात, कोणाचे फक्त गळायचे थांबतात, तर कोणाला फारसा फरक पडत नाही. मग तो रिपोर्ट काय सांगतो? माणसाने गोळी घेतली, एवढेच. ते तर त्याला आधीच माहीत असते! डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल तर या हॉर्मोनवर कामच करत नाही. त्यासाठी हॉर्मोनची तपासणी म्हणजे निव्वळ पैसा वाया.

उपचाराचा गुण डोक्यावर पाहायचा असतो. औषध सुरू करताना कोरड्या केसांचे समोरून आणि वरून फोटो काढा. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून पाहा. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, त्याने घाबरू नये. फिनास्टेराइडने काही पुरुषांची लैंगिक इच्छा कमी होते, काहींचे मन उदास राहते. हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे लागते.

मग हॉर्मोनची तपासणी कधीच करू नये का? तसे आम्ही म्हणत नाही. एखाद्या मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमे जात नसतील, तर तिची तपासणी व्हायलाच हवी. पीसीओएस त्यातून कळू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, त्यांनी आकडे बदलतात. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतात. नाही थांबले, तर हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन आणि थायरॉइड पाहावे. थायरॉइडची गोळी सुरू झाली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते, कारण त्या आकड्यावर डोस ठरतो. आमची कसोटी हीच आहे. तपासणी लिहून दिली की विचारा, "डॉक्टर, रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार का?" उत्तर 'हो' असेल, तर ती तपासणी कशासाठी, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

चार गोष्टी मात्र लक्षात ठेवा. केसांच्या गोळ्यांत पुष्कळदा बायोटिन असते. त्याच्या मोठ्या डोसने थायरॉइड आणि इतर हॉर्मोनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, तेव्हा रक्त देण्यापूर्वी ते सांगा. दुसरे, फिनास्टेराइडने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळजवळ निम्मा होतो. वयस्कर पुरुषांनी हे सांगितले नाही, तर खरा आजार झाकला जाईल. तिसरे, गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये आणि तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. चौथे त्याच कारणासाठी : ही गोळी घेणाऱ्या तरुणांनी शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्तदान करू नये. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आपली पोरे हौसेने पुढे येतात. फॉर्म भरताना ही गोळी लपवू नका, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकते.

केसांची काळजी करणाऱ्या पोरांना आम्ही हसत नाही. लग्न जमवताना टकलावरून काय बोलले जाते, ते आम्हीही ऐकतो. उपचार जरूर घ्या. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्या बाया आपल्याच घरात भाकरी थापत आहेत. त्यांची हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, पुढच्या तपासणीचे पैसे ठेव आणि उद्या सकाळी आईला घेऊन दवाखान्यात जा. तो गेला. तुमच्या घरातून उद्या कोण जाणार आहे?