औषधदानाचे नवे रूप



क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर २००१ पासून इमॅटिनिबची गोळी उपलब्ध आहे. ती रोज, नियमाने घेणारे बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. परंतु बरे वाटू लागताच अनेकजण ती आपल्या मनाने बंद करतात आणि आजार पुन्हा बळावतो. सांगली-कोल्हापूरकडील खेड्यांतून वरचेवर मुंबईच्या तज्ज्ञांकडे जाणे वृद्धांना झेपत नाही. तपासणी चुकते, मग गोळीही सुटते.

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने टेलिमेडिसिनची नियमावली प्रसिद्ध केली. निदान प्रत्यक्ष तपासणीनेच व्हावे. पुढे मात्र रक्ताचा नमुना जवळच्या शहरात देऊन, अहवाल पाठवून तज्ज्ञांशी व्हिडिओद्वारे बोलता येते. ताप किंवा रक्तस्राव असल्यास मात्र तत्काळ रुग्णालयच गाठावे.

आहार, औषध, ज्ञान व अभय ही आपली चार दाने. मोबाइल न हाताळता येणाऱ्या रुग्णाशेजारी घरातील तरुणाने अर्धा तास बसावे, अहवाल क्रमाने लावावेत, डॉक्टरांची सूचना वहीत टिपावी, गोळ्या मोजून पाहाव्यात. हेही औषधदानच होय.