पोरांच्या हाती ज्ञानकोश

‘हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!’ एका विद्वान प्राध्यापकांनी नुकतेच एका चर्चासत्रात हे वाक्य टाकले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्रश्न एवढाच होता, की सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरसाठी एस.वाय.बी.ए.च्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या असाइनमेंटऐवजी मराठी विकिपीडियावर लेख लिहावेत की नाहीत. प्राध्यापकमहाशयांचे नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण हेच भाषण मी निरनिराळ्या तोंडांतून इतक्यांदा ऐकले आहे की ते आता कोणा एकाचे राहिलेले नाही.

भाषण असे : ज्ञानकोश हे अधिकारी माणसांचे काम. विद्यार्थ्याला विषय धड कळलेला नसतो, तो चुका करणार, आणि त्या चुका जगभर वाचल्या जाणार. त्याला नक्कल करायची सवय. त्याने लिहिलेले कोणीही येऊन पुसू शकतो, मग पोर खट्टू होणार. परदेशातल्या संस्थेसाठी आपली मुले फुकट का राबवायची? सिलॅबस कधी संपवायचा? आणि आता तर यंत्रच लेख लिहून देते, मग हा खटाटोप कशाला?

शेवटून सुरुवात करू. यंत्र लेख लिहून देते, खरे आहे. ते असाइनमेंटही लिहून देते. पण म्हणून असाइनमेंट बंद करा, असे म्हणायला त्या सभागृहात एकही हात वर झाला नाही. फुकट राबण्याचे म्हणाल, तर आज विद्यार्थी कोणासाठी राबतो? त्याची असाइनमेंट वाचणारा माणूस जगात एक, आणि तोही बहुधा न वाचता सही करणारा. महाविद्यालयाचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती येईपर्यंत गठ्ठा कपाटात, ती गेली की रद्दीत. पुसले गेले तर पोर खट्टू होईल, हे मान्य. खट्टू होण्याइतकी माया आपल्या असाइनमेंटवर एखाद्याची असलेली मला पाहायची आहे.

‘अधिकारी माणसे’ हा मुद्दा जुनाच. मानसशास्त्र मराठीत शिकवता येणार नाही, असे सांगणारी माणसे मी अभ्यासमंडळांच्या बैठकांत पाहिली आहेत. तेव्हाही अधिकारी माणसांनी आधी मराठीत पुस्तके लिहावीत, मग बघू, असे ठरायचे, आणि पुढची बैठक चहा घेऊन संपायची. पुस्तके गाईडवाल्यांनी लिहिली. आता कोशातले लेख अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवायचे म्हणता, तर ठेवा, पण ती राखीव जागा भरायला कोणी अर्ज केलेला दिसत नाही. केतकरांनी 1920 ते 1927 या काळात ज्ञानकोशाचे 23 खंड काढले. ते सगळ्या अधिकारी माणसांची संमती येईपर्यंत थांबले असते, तर आपण आजही पहिल्या खंडाची वाट पाहत असतो.

पण मला खरा राग आहे तो चुकांच्या मुद्द्याचा. ‘विद्यार्थी चुकीचे लिहितील, त्यापेक्षा पाठ्यपुस्तक बरे,’ हे वाक्य प्राध्यापकमहाशय फार निर्धास्तपणे उच्चारतात. सामाजिक मानसशास्त्राच्या शिक्षकाने तरी ते उच्चारू नये. या विषयाची पाठ्यपुस्तके कशी चुकली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊन बसला आहे.

किटी जिनोव्हीजची गोष्ट घ्या. ती न शिकवलेला शिक्षक मला माहीत नाही. 13 मार्च 1964 ची पहाट, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातले क्यू गार्डन्स. कामावरून घरी परतणाऱ्या तरुण मुलीवर एकाने चाकूने हल्ला करून तिचा खून केला. अडतीस शेजारी खिडक्यांतून अर्धा तास पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरचा मोबाइलही खाली जातो. मग फळ्यावर ‘बघ्यांचा परिणाम’ लिहायचे, मोठ्या शहरातली माणसे कशी कोरडी होतात यावर दोन शब्द बोलायचे, तास संपतो.

आता हे अडतीस आले कुठून? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 27 मार्चला पहिल्या पानावर बातमी छापली. तिच्या मथळ्यात आकडा सदतीस होता आणि मजकुरात अडतीस. हा आकडा पोलीस आयुक्तांनी त्या वृत्तपत्राच्या संपादकाला जेवताजेवता सांगितला होता. प्रत्यक्षात हल्ले दोन झाले. पहिल्या वेळी एका शेजाऱ्याने वरून ओरडून हल्लेखोराला पळवले. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या आतल्या बोळात झाला, तो बहुतेकांना दिसणेच शक्य नव्हते. एक शेजारीण धावत खाली गेली आणि तिने किटीला कुशीत धरले. ही शेजारीण पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तीन मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये सगळी कागदपत्रे तपासून दाखवले, की अडतीस जण मख्खपणे बघत राहिले याला पुरावा नाही. 2016 मध्ये मारेकरी तुरुंगात मेला, तेव्हा त्याच वृत्तपत्राने आपली जुनी बातमी सदोष होती असे छापले. आमच्याकडच्या नोट्समध्ये अडतीस जण अजूनही खिडकीतच उभे आहेत.

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे, आणि नेमकी तीच पाठ्यपुस्तक करत नाही. गोष्ट खोटी निघाली म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही. डार्ली आणि लताने यांचा 1968 चा प्रयोग त्या बातमीवरून सुचला, पण तो स्वतःच्या पायावर उभा आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज इंटरकॉमवर ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के जण त्याचे बोलणे चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. म्हणजे परिणाम खरा आणि दंतकथा खोटी. हे दोन्ही एका परिच्छेदात सांगायचे तर प्रत्येक वाक्याखाली वेगळा आधार द्यावा लागतो. असाइनमेंटमध्ये विद्यार्थी अडतीसचा आकडा लिहितो आणि दहापैकी आठ गुण मिळवतो. तेच वाक्य विकिपीडियावर लिहिले, की कोणीतरी अनोळखी माणूस येऊन पुढे ‘संदर्भ हवा’ लावतो. तो शोधायला निघाल्यावर पोराला 2007 चा लेख भेटतो. प्राध्यापकमहाशय, तो लेख आपल्या वर्गात त्याला कधी भेटणार होता?

आणि किटी एकटी नाही. अॅशच्या प्रयोगात तीन-चतुर्थांश माणसे एकदा तरी गटाच्या चुकीच्या उत्तरामागे गेली, हे सगळ्यांना पाठ. कसोटीच्या फेऱ्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरे गटाला न जुमानता बरोबर दिली गेली होती, हे कोणाला? मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातले 65 टक्के सांगताना ते 40 पैकी 26 जण होते, आणि प्रयोगाच्या इतर रूपांत हा आकडा खूप खाली गेला होता, हे कोण सांगते? स्टॅनफर्डच्या बनावट तुरुंगाच्या प्रयोगाबद्दल बोलायलाच नको. त्या प्रयोगावर अलीकडच्या वर्षांत इतके लिहून आले आहे की तो आता कोणत्या प्रकरणात शिकवावा, हाच प्रश्न आहे.

राहिली नक्कल. हा प्राध्यापकमहाशयांचा हुकमी एक्का होता. ‘पुण्यात काय झाले ते आठवा!’ आठवते. 2011 मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांतून विद्यार्थी शेकड्यांनी इंग्रजी विकिपीडियावर उतरवले गेले, पुस्तकांतले परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले गेले, निस्तरता निस्तरता तिथल्या स्वयंसेवकांच्या नाकी नऊ आले, आणि त्याच वर्षी तो प्रकल्प आवरता घ्यावा लागला. पण त्यातून काय सिद्ध झाले? मुले नक्कल करतात, हे वीस वर्षे वर्गात लपून होते ते उघड्यावर आले. त्याच मुलांनी तेच परिच्छेद असाइनमेंटमध्ये उतरवले असते, तर कोणाच्याही नाकी एकही आला नसता. शिवाय तिथे मुले भारंभार होती, शिकवायला अनुभवी माणसे थोडी होती, आणि ज्यांनी स्वतः एक स्वल्पविरामही बदलला नव्हता अशा शिक्षकांकडे वर्ग सोपवले होते. त्याच 2011 मध्ये अमेरिकेत असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स या संघटनेने आपल्या सदस्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना विकिपीडियावरचे मानसशास्त्राचे लेख सुधारण्याचे जाहीर आवाहन केले. मूळच्या सिकंदराबादच्या महजरीन बानाजी तेव्हा तिच्या अध्यक्ष होत्या. आणि त्याआधी, 2008 मध्ये, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लॅटिन अमेरिकन साहित्याच्या एका वर्गातल्या मुलांनी लिहिलेले तीन लेख इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वोच्च दर्जाला पोचले होते. हे दाखले चर्चासत्रात कोणी दिले नाहीत. पुण्याचा दाखला दिला, कारण तो सोयीचा.

आजच्या पद्धतीतल्या गटप्रकल्पाविषयी मात्र मीच तक्रार करते. पाच जणांचा गट, एक मुलगी सगळे लिहिते, चौघे कव्हरवर नाव घालतात. 1979 मध्ये लताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी लोकांना एकेकटे आणि गटात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावले. गटात प्रत्येक जण कमी जोर लावतो, असे दिसले. पुढच्या प्रयोगांत ज्याचा-त्याचा आवाज ओळखता येतो असे सांगितले, तेव्हा आळस बराचसा गेला. हे आपण तासाला शिकवतो आणि तास संपला की पाच जणांचा गट करतो! विकिपीडियाच्या लेखाचा ‘इतिहास’ वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा असतो : कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मजकूर घातला किंवा काढला, सगळे टिपलेले. सबमिशनच्या आदल्या रात्री बारा वाजता जागा झालेला चौथा भिडू तिथे लपत नाही.

मग करायचे काय, असे कोणी विचारेल. माझे म्हणणे साधे आहे, फार मोठी योजना नाही. कॉग्निटिव्ह डिसोनन्स, म्हणजे मनातल्या विसंगतीची बोच, हा विषय घ्या. फेस्टिंजरने 1957 मध्ये तो मांडला, हे सगळी गाईडे सांगतात. पण 15 जानेवारी 1934 चा बिहारचा भूकंप कुठे येतो? जमुना प्रसाद यांनी त्या भूकंपानंतरच्या अफवा गोळा केल्या होत्या. जिथे जमीन हादरली पण पडझड झाली नाही, तिथेच आणखी भयंकर अफवा पिकल्या होत्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, असली भाकिते. घाबरलेल्या माणसाने आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? आधीच वाटणारी भीती पटवून घ्यायला, असे फेस्टिंजरला सुचले. आपला सिद्धान्त इथून निघाला, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. उलट दार्जिलिंगच्या दरडींनंतर, जिथे नुकसान डोळ्यांसमोर होते, तिथल्या दुर्गानंद सिन्हांच्या नोंदींत तशी भाकिते नव्हती. बिहारच्या धुळीतून निघालेला सिद्धान्त आमची मुले अमेरिकेतून आयात झाला असे समजून पाठ करतात. मराठी लेख इथून सुरू करा.

लातूरकडची एखादी मुलगी म्हणेल, किल्लारीच्या भूकंपानंतर माझ्या आजीने ऐकलेल्या अफवाही घालू का? नाही घालता येणार. ‘मूळ संशोधन नको’ हा विकिपीडियाचा नियम. ती चिडेल, तिथल्या चर्चेच्या चावडीवर भांडेलही. आजीचे सांगणे खरे असूनही ते अजून पुरावा का नाही, हे तिला त्या भांडणातून माझ्या तासापेक्षा लवकर कळेल, आणि कदाचित एम.ए.ला ती त्याच अफवा रीतसर गोळा करील.

वर्ग लहान ठेवावा, आणि एका मुलाने एकच लेख घ्यावा. तो नवा असलाच पाहिजे असे नाही, असलेल्या लेखातले तीन परिच्छेद सुधारले तरी चालेल. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, शिक्षकाने पाहिल्यावर लेखात. शिक्षकानेही निदान एक लेख स्वतः लिहिलेला असावा, ही अट मी पहिली घालीन, आणि तिथेच निम्मा विरोध कशाचा आहे ते कळेल. वीस गुणांपैकी दहा संदर्भांना, पाच भाषेला. लेख नंतर कोणी बदलला किंवा पुसला, तर गुण कापायचे नाहीत. उरलेले पाच चर्चा पानावर त्याने पुसणाऱ्याला काय उत्तर दिले, त्याला.