सहसा म्हणजे किती वेळा?

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एक शिडी हमखास काढली जाते. सगळ्यात वर ऑलवेज, त्याखाली युज्वली, मग ऑफन, समटाइम्स, रेअरली आणि तळाला नेव्हर. काही गाइडांत पायरीगणिक टक्केसुद्धा छापलेले असतात. ऑलवेजला शंभर, नेव्हरला शून्य, युज्वली कुठेतरी ऐंशीच्या पुढे. ‘ही युज्वली गोज टु स्कूल बाय बस’ असं लिहिलं की पोरांच्या पदरात गुण पडतो. कितीपैकी ऐंशी, हे कोणी विचारत नाही आणि परीक्षेत ते येतही नाही.

पुणे जिल्ह्यातल्या मंचरला मात्र ते विचारावं लागतं. युज्वलीचा मराठी अवतार, म्हणजे ‘सहसा’, इथे वेगळ्याच वाक्यात भेटतो. ‘बिबट्या सहसा माणसावर हल्ला करत नाही.’ पत्रकात हेच, जनजागृतीच्या भाषणात हेच, पुण्याहून आलेल्या जाणकाराच्या तोंडीही हेच. मराठीत सहसाच्या मागोमाग बहुतेक वेळा ‘नाही’ येतोच, त्यामुळे वाक्य ऐकताना धीर येतो. (संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे एकाएकी. उसाच्या कडेला राहणाऱ्याला तोच अर्थ जवळचा वाटला तर नवल नाही.)

वाक्य खोटं आहे असं मुळीच नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव अशी धरणं झाली, कालवे आले, मागोमाग ऊस आणि साखर कारखाने आले. बिबट्याला बारमाही आडोसा आणि पाणी मिळालं. कुत्री, डुकरं, शेळ्या हे खाणं दाराशीच होतं. उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या इथे वाढल्या. ऊसतोडीला फडात बछडे सापडतात आणि वन विभागाचे लोक त्यांची आईशी गाठ घालून देतात. एवढ्या शेजारात माणसावरचे हल्ले कमी आहेत, म्हणजे बिबट्या माणसाला टाळतो हे उघड आहे. २००० नंतरच्या वर्षांत इथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला होता. त्यातून हल्ले घटण्याऐवजी वाढले, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. सोडलेलं जनावर सहसा तिथेच रमतं, असं तेव्हा धरून चाललं होतं!

गोम आहे ती छेदात. रविवारी भीमाशंकरला निघून मंचरात मिसळ खाणाऱ्या पाहुण्याची बिबट्याशी गाठ पडण्याची वेळ आयुष्यात एखादी. थ्री फेज रात्री येते म्हणून दारं धरायला उसात उतरणाऱ्याची ती वेळ पाळीच्या प्रत्येक रात्री येते. उजाडायच्या आत गोठ्यात जाणाऱ्या बाईची रोज येते. समजा, हजार वेळा बिबट्या जवळून गेला आणि एकदाच अंगावर आला. पाहुण्याच्या हिशेबात तो एक म्हणजे शून्यच. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत मिळून वन विभागाने २३३ गावं बिबट्याच्या दृष्टीने आपत्तीप्रवण ठरवली आहेत. तिथे हजार वेळा भरायला कितीसे दिवस लागणार? क्रियाविशेषण दोघांना एकच लावायचं आणि शेतकऱ्याने घाबरू नये म्हणायचं, हा हिशेब शहराच्या सोयीचा आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत पट्ट्यात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. साडेपाच वर्षांची मुलगी, सत्तरीची आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोक मंचरला पुणे-नाशिक रस्त्यावर येऊन बसले, वाहतूक तासन् तास ठप्प झाली. दोन दिवसांत त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्याच नोव्हेंबरात पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात निघाल्या. मेंढरांमागच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधायची रीत जुनी आहे. तो माणसाने आपल्या गळ्यात अडकवला, त्या दिवशी ‘सहसा’वरचा विश्वास कुठवर उरला होता ते दिसलंच.

उलटं टोकही काही कमी नाही. मोबाइलवर आलेल्या बनावट व्हिडिओंतून बिबट्या रोज प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात दिसू लागला, आणि भाषणांतून ‘सतत’, ‘वारंवार’, ‘दररोज’ यांची खैरात झाली. त्यांचाही छेद कोणी सांगत नाही. खुद्द गावकरी मात्र बोलताना नेमके असतात. ‘परवा सांजच्याला ओढ्याच्या कडंला व्हता, दोन पिल्लं बी व्हती.’ वार, वेळ, जागा, डोकी, सगळं एका वाक्यात.

सरकारी पत्रकाला हे जमू नये असं काही नाही. बिबट्याने मारलेल्या शेळीची भरपाई पंचनाम्याशिवाय मिळत नाही. कधी मारली, कुठे मारली, हे त्यात लिहावंच लागतं. म्हणजे ‘किती वेळा’चं उत्तर कार्यालयातल्या फायलींत आधीच पडून आहे. गावाच्या नावासह ते दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला नवा शासन निर्णय लागणार नाही, निधी तर नाहीच.