१२ तासांची पाळी: अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगाराचे तास नेमकं कोण ठरवतं?

अंबरनाथची आनंदनगर एमआयडीसी असो, मोरिवली असो की बदलापूरची एमआयडीसी, इथल्या कामगारांच्या मोबाईलवर गेल्या काही महिन्यांत एक मेसेज हमखास फिरला आहे. 'आता १२ तास ड्युटी, सरकारने कायदा केला.'

या एका वाक्यात तीन प्रश्न लपले आहेत. कोणतं सरकार? कोणता कायदा? आणि तो केला कुठे, सभागृहात की मंत्रालयात?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण पाळी किती तासांची, हा आकडा अनेकदा आमदार-खासदारांच्या मतदानातून येतच नाही.

आधी काय होतं, मग काय झालं?

१९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागायचा.

३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने या कायद्यात राज्यापुरता बदल करायला मंजुरी दिली. कारखान्यात रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायची, पण आठवड्याची ४८ तासांचीच ठेवायची. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर न्यायची. रोज चार तास जादा काम धरलं, तर १४४ तास म्हणजे तीन महिन्यांत ३६ दिवस.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने जुन्या कारखाने अधिनियमाची जागा घेतली.

म्हणजे तीन महिन्यांच्या आत दोन सरकारांनी एकाच कामगाराच्या तासांना हात घातला.

दोन सरकारं एकाच विषयात कशी?

आपल्या संविधानात विषयांच्या तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. कामगारांचे विषय समवर्ती यादीत येतात. त्यामुळे संसदही कायदा करू शकते आणि विधिमंडळही. दोन्ही कायदे एकमेकांशी भिडले तर संसदेचा चालतो. राज्याला आपला वेगळा नियम टिकवायचा असेल तर कलम २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती लागते.

नगरपालिकेचा यात काही संबंध नाही. पाणी, रस्ते, कचरा यांसाठी नगरसेवकाला धरा, पण पाळीचे तास त्याच्या हातात नाहीत. एमआयडीसी महामंडळाच्याही नाहीत. भूखंड, पाणी आणि रस्ते ही त्याची कामं.

खासदाराला विचारायचं म्हटलं तरी एक गंमत आहे. एकाच कंपनीत शेजारी-शेजारी उभे राहणारे दोघे, एक अंबरनाथचा आणि एक बदलापूरचा, वेगवेगळ्या खासदारांचे मतदार आहेत. अंबरनाथ कल्याण लोकसभेत येतं, बदलापूर भिवंडीत.

कायदा सभागृहात, आकडा अधिसूचनेत

आता मुद्द्याचं. नव्या संहितेत दिवसाला ८ तास लिहिलेत, म्हणजे जुन्या कायद्यापेक्षा एक कमी. मग १२ कुठून आले?

त्याच कलमात पुढे म्हटलंय की कामाची वेळ, मधली सुट्टी आणि कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण कालावधी 'समुचित सरकार' अधिसूचनेने ठरवेल. ओव्हरटाइमची कमाल मर्यादाही नियमांत ठरेल. एमआयडीसीतल्या खासगी कारखान्यासाठी हे समुचित सरकार म्हणजे राज्य सरकार.

थोडक्यात, संसदेने चौकट दिली आणि तुमचा दिवस ज्या आकड्यांवर चालतो त्यातले बरेच आकडे सरकारवर सोपवले. याला प्रत्यायोजित विधान म्हणतात.

आणखी एक उदाहरण. औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी किंवा टाळं लावण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागते. आधीच्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता. आता ३०० चा आकडा अधिसूचना काढून आणखी वाढवता येतो. त्यासाठी विधेयक आणण्याची गरज नाही.

मुळात या संहिता तरी कशा मंजूर झाल्या? चारपैकी तीन संहिता २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत मंजूर झाल्या. कृषी विधेयकांच्या गदारोळात आठ खासदार निलंबित झाले होते आणि विरोधकांनी बहिष्कार टाकला होता.

दोन राज्यांची गोष्ट

आकडा सभागृहातून आला काय आणि अधिसूचनेतून आला काय, फरक काय पडतो? दोन राज्यांची उदाहरणं पाहा.

गुजरातने एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, फक्त अधिसूचना काढून कारखान्यांत १२ तासांची पाळी आणली. जादा तासांना दुप्पट नव्हे, साध्या दराने पैसे. ना विधेयक, ना चर्चा. कामगार संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने ती अधिसूचना रद्द केली. ओव्हरटाइमचे पैसे देण्याचा आदेशही दिला. पण तोवर पाच महिने उलटले होते.

तमिळनाडूने २१ एप्रिल २०२३ ला १२ तासांच्या पाळीची वाट मोकळी करणारं विधेयक विधानसभेत मंजूर केलं. पण ते सभागृहात आलं, त्यामुळे सगळ्यांना दिसलं. सत्ताधारी द्रमुकच्या मित्रपक्षांनीच सभात्याग केला, कामगार संघटना उभ्या राहिल्या. तीन दिवसांत अंमलबजावणी थांबली आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधेयक मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

एका राज्यात कोर्टात जावं लागलं, तर दुसऱ्यात दहा दिवसांत निर्णय फिरला.

बाहेरच्या देशांत काय होतं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. सरकार आणि सभागृह यांचं नातं जसं, तसा कायदा बनतो.

- ब्रिटन: आपल्यासारखीच संसदीय पद्धत. ज्याचं बहुमत त्याचं सरकार, त्यामुळे सरकारचं विधेयक सहसा पडत नाही. तिथली आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादाही १९९८ च्या नियमावलीतून आली आहे, संसदेच्या स्वतंत्र कायद्यातून नाही. अशा नियमांना संसद साधारणपणे फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकते, दुरुस्ती सुचवू शकत नाही. हाउस ऑफ कॉमन्सने असा नियम शेवटचा फेटाळला तो १९७९ मध्ये.

- अमेरिका: राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस वेगळी. दोघांचं पटलं नाही की कायदा अडकतो. १९३८ चा कायदा आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट मजुरी देतो, पण प्रौढ कामगाराने जास्तीत जास्त किती तास काम करावं याची मर्यादा त्यात नाही. किती पगारापर्यंतच्या कर्मचाऱ्याला ओव्हरटाइम मिळेल, हे कामगार खातं नियमाने ठरवतं. २०२४ मध्ये खात्याने ही पगाराची रेषा वाढवली आणि नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने ती रद्द केली.

- फ्रान्स: राष्ट्राध्यक्षही आणि पंतप्रधानही. तिथल्या संविधानाचं कलम ४९.३ वापरून पंतप्रधान मतदानाशिवाय विधेयक पुढे नेऊ शकतो. ते थांबवायचं तर खासदारांना अविश्वास ठरावाने सरकारच पाडावं लागतं. २०१६ चा कामगार कायदा असाच रेटला गेला, आणि रस्त्यावर मोठी आंदोलनं झाली.

तिन्ही देशांत सभागृहाला वळसा घालणारी वाट आहे. फरक इतकाच की तिच्यावर नजर कोण ठेवतं.

मग आपल्याकडे नजर कोण ठेवतं?

कागदावर तीन पहारे आहेत. नियमांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. अंतिम नियम विधिमंडळासमोर मांडावे लागतात. आणि शेवटी कोर्ट आहेच.

अडचण अशी की मसुद्याची बातमी कारखान्याच्या गेटपर्यंत पोचेपर्यंत हरकतींची मुदत अनेकदा संपलेली असते. नियम सभागृहासमोर मांडले जातात, पण कोणी मुद्दा काढला नाही तर त्यावर चर्चा होत नाही. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ आमदार असतात. त्यांतल्या एकानेही प्रश्न विचारला तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी '१२ तासांचा कायदा' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं तपासा:

- हा मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, विधेयक आहे, मसुदा आहे की अंतिम अधिसूचना? फक्त मंत्रिमंडळाने मंजुरी दिली म्हणून कायदा बदलत नाही.
- मसुदा असेल तर हरकतीची शेवटची तारीख काय? हरकत साध्या मराठीत लिहूनही पाठवता येते.
- अधिवेशन कधी आहे? त्याआधी आपल्या आमदाराला प्रश्न लिहून द्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पाळीची वेळ अधिसूचनेने बदलू शकते. पण ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती आणि त्याचा दुप्पट दर या दोन गोष्टी संहितेच्या कलमातच आहेत. त्या काढायच्या असतील, तर सरकारला सभागृहातच यावं लागेल.