जाईल कुठल्या कुठे!

परवा मरीन ड्राइव्हवर माझ्या मित्रानं वेफर्सचं रिकामं पाकीट चक्क समुद्रात भिरकावलं. मी ओरडले, तर म्हणतो, ‘अगं, केवढा मोठा समुद्र! जाईल कुठल्या कुठे पांगून.’

खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. मग एका प्रयोगाबद्दल वाचलं.

२०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची तेलगळती झाली. सांडलेलं तेल नेमकं जातं कुठे? हे कळायला प्रवाह एकाच वेळी शेकडो ठिकाणी मोजायला हवेत. त्यासाठी मायामी विद्यापीठातल्या संशोधकांच्या टीमनं एक छोटं तरंगतं यंत्र बनवलं. वर डोनटसारखं कडं, त्यात जीपीएस. खाली एकमेकांत अडकवलेले दोन उभे पत्रे, साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे ते वाऱ्यानं ढकललं न जाता पाण्याबरोबर जाणार. आधी लाटांच्या टाकीत टेस्ट, मग खऱ्या समुद्रात. आणि आपणच कचरा करायचा का? म्हणून यंत्राचा बराचसा भाग विघटन होणाऱ्या प्लास्टिकचा.

२०१६मध्ये अशी सुमारे हजार यंत्रं आखातात सोडली. त्यातली सुमारे दोनशे जवळपास २० बाय २० किलोमीटरमध्ये विखुरलेली होती. आठवड्याभरात त्यातली निम्मी कुठे जमावीत? ६० बाय ६० मीटरमध्ये! पाणी जिथे एकत्र येऊन खाली जातं, तिथे तरंगणाऱ्या वस्तू वर गोळा होतात. तेलही, कचराही.

मित्राला हे ऐकवलं. पुढचं पाकीट त्यानं निमूट खिशात घातलं. आधीचं मात्र गेलंच, कुठल्यातरी गर्दीत सामील व्हायला.